तळघरावरून ओळखावा मुलूख

वाइनच्या तळघराची घडण जमीन आणि हवामान ठरवतात, म्हणून ते पाहून मुलूख ओळखता येतो. फ्रान्समधील शाम्पेन प्रांतात, रीम्स शहराखाली, मऊ खडूच्या खडकात खोल भुयारे आहेत. तिथला गारवा बारमाही १०-१२ अंशांवर टिकतो. हंगेरीच्या तोकायमध्ये अरुंद, ओलसर बोगद्यांच्या भिंतींवर काळ्या बुरशीचा थर चढतो. स्पेनमधील हेरेसचे लोक मात्र उंच छताची, जाड भिंतींची कोठारे जमिनीवरच बांधतात, कारण शेरीवर धरणाऱ्या यीस्टच्या सायीला खेळती हवा लागते.

नाशिकमध्ये, १९९९ साली सुरू झालेल्या सुला वाइनरीसह, प्रामुख्याने दिसतात त्या थंड केलेल्या स्टीलच्या टाक्या. अशा टाक्या जगभर आहेत, मग ओळख कसली? शिवाय ज्या बेसाल्टात वेरूळची लेणी कोरली गेली, त्यात तळघर का नको? आक्षेप रास्त आहेत. पण जमिनीत काही मीटर खाली तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावते. रीम्सची सरासरी ११ अंशांच्या आसपास. नाशिकची २५च्या आसपास. इथे कितीही खोदले तरी तो गारवा लाभणार नाही. त्यात द्राक्षांची तोडणी संपते न संपते तोच उन्हाळा येतो. तेव्हा नाशिकची वाइनरी ओळखायची असेल, तर तिची शीतयंत्रणा पाहावी.