कृत्रिम दातांची शुभ्रता

जबलपुरातील गोहलपुर भागातून भेडाघाटास जाणारा प्रवासी नर्मदाकाठच्या संगमरवरी कड्यांची शुभ्रता पाहून हरखतो. पण नीट न्याहाळल्यास त्या दगडातही कोठे राखी, कोठे पिवळसर झाक आढळते. आपल्या दातांचेही तसेच आहे. वरचे कठीण कवच काहीसे पारदर्शक असते व त्याखालील थर पिवळसर असतो. म्हणून निरोगी दात खडूसारखे पांढरे नसतात.

दंतवैद्य दात उजळतात ते प्रामुख्याने हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने. हे द्रव्य कवचातून आत झिरपून रंगकणांचे विघटन करते. मात्र चिनी मातीची टोपी किंवा अ‍ॅक्रिलिकची कवळी यांचा मूळ रंग त्याने पालटत नाही. परिणामी लग्नकार्याच्या घाईत कोणी शेजारचे दात उजळून घेतले, तर समोरची टोपी एकटीच काळवंडल्यासारखी दिसते आणि ती बदलण्याचा खर्च अंगावर पडतो. यासाठी क्रम ध्यानी ठेवावा: आधी नैसर्गिक दात उजळावेत, रंग स्थिर होण्यास सुमारे 2 आठवडे द्यावेत आणि मगच त्या छटेशी जुळणारी टोपी बसवून घ्यावी.

चहा, पान व तंबाखू यांचे वरवरचे डाग मात्र टोपीवरून दंतवैद्याकडून घासून काढता येतात. घरी राखुंडी, कोळसा वा मिसरी वापरू नये. त्यांनी टोपीची चकाकी जाते, कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत डाग व जंतू अधिकच घर करतात. मिसरीत तर तंबाखूच असतो.

आजोबांची कवळी धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे हातून निसटली तरी ती फुटणार नाही. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा होतो. उकळते पाणी घालू नये, त्याने कवळीचा आकार बिघडतो. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी व हिरड्यांना विसावा द्यावा.

कवळीखालचा व्रण किंवा तोंडातील पांढरा चट्टा 2 आठवड्यांत बरा न झाल्यास तो दंतवैद्यास अवश्य दाखवावा. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. दातांच्या शुभ्रतेपेक्षा ही दक्षता कितीतरी मोलाची आहे.