भूमितीचा पेपर आणि पोटातला गोळा

दहावीचा गणित भाग-२ चा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. तरी मुलं एका गुणाच्या प्रश्नावर अडून बसतात! पायथागोरसचं प्रमेय नुसतं वाचू नका. पुस्तक मिटा, आकृती काढा. पक्ष, साध्य, सिद्धता लिहा आणि अडलं तरच उघडा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की पुन्हा पुन्हा वाचलेल्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतरही जास्त लक्षात राहतं.

पेपरच्या सकाळी धडधडणारच, ते अ‍ॅड्रेनालिनचं काम. श्वास सावकाश सोडा. केंद्राच्या फाटकाशी ‘तुझी त्रिकोणमिती झाली का रे?’ विचारणारा मित्र मात्र लांबूनच बरा. आणि कंपासपेटीतल्या पेन्सिलीला टोक आहे ना, हे रात्रीच बघून ठेवा.