माघारीचा सेनापती : बार्कले द तोली

१८१२ साली नेपोलियनच्या रशियावरील स्वारीची जी वाताहत झाली, तिचे श्रेय लोकमानसाने काही कुतुझॉव्हच्या आणि काही रशियन हिवाळ्याच्या पदरात टाकले. परंतु त्या मोहिमेच्या आरंभी लोकनिंदा सोशीत ज्याने फौज शाबूत राखली, त्या मिखाईल बार्कले द तोलीची कारकीर्द पाहिली म्हणजे या श्रेयाची वाटणी पुन्हा करावीशी वाटते.

१७६१ साली जन्मलेला बार्कले हा लिव्होनियातील जर्मनभाषी, मूळच्या स्कॉटिश कुळातला. दरबारात वशिला नाही आणि गाठी जहागीर नाही, अशा या मनुष्याला १७७८ साली मिळालेल्या अधिकारपदापासून मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचण्यास २१ वर्षे लागली. ओचाकॉव्हचा वेढा, स्वीडन व पोलंडवरील मोहिमा आणि १८०७ साली आयलाऊच्या लढाईत हाताला झालेली भयंकर जखम, एवढे सोसल्यावर त्याचे नाव झारच्या कानी पडले. पुढे मार्च १८०९ मध्ये गोठलेल्या बॉथनियाच्या आखातावरून, फुटलेल्या हिमखंडांच्या राशी चढत-उतरत, उघड्या बर्फावर रात्र काढून त्याने सुमारे ३,००० सैनिक स्वीडनच्या उमेओ शहरावर नेले. १८१० साली युद्धमंत्री झाल्यावर रसद, कोठारे, किल्ले आणि सेनेचे कायदेकानू यांचा कारभार त्याने मुळापासून सुधारण्यास घेतला.

जून १८१२ मध्ये चार लाखांहून अधिक फौजेनिशी नेपोलियनने नेमान नदी ओलांडली. पहिली पश्चिम सेना बार्कलेच्या आणि दुसरी बाग्रातियॉनच्या हुकमतीखाली होती. दोन्ही सेना एकमेकींपासून दूर पडलेल्या. त्या वेगवेगळ्या गाठून बुडवाव्यात हा शत्रूचा बेत. तो हाणून पाडण्यासाठी बार्कले मागे हटत गेला आणि ऑगस्टच्या आरंभी स्मोलेन्स्क येथे दोन्ही सेना एकत्र आल्या. तथापि तेथेही निर्णायक झुंज टाळून त्याने जळते शहर सोडले, तेव्हा सेवाज्येष्ठ व मानी बाग्रातियॉन संतापला, आणि या ‘परक्या’ नावाच्या सेनापतीच्या राजनिष्ठेविषयीच छावणीत कुजबुज सुरू झाली. पण दर मजलीला शत्रूची रसद लांबत होती, घोडी मरत होती, आणि रशियन फौज मात्र लढण्यास उभी होती.

ऑगस्टअखेर सरसेनापतिपद कुतुझॉव्हकडे गेले. बार्कले बोरोदिनोच्या रणात सर्व पदके लावून, पूर्ण गणवेषात तोफांच्या माऱ्यासमोर फिरला. त्याच्या मांडीखालची घोडी एकामागून एक पडली, तो मात्र वाचला. यानंतर फिलीच्या खेड्यातील मसलतीत, मॉस्को सोडून सैन्य वाचवावे, असे त्यानेच आग्रहाने प्रतिपादिले. ज्या धोरणापायी त्याची निर्भर्त्सना झाली, तेच धोरण कुतुझॉव्हने मान्य केले, याहून त्याच्या दूरदृष्टीचा बळकट पुरावा कोणता द्यावा?

प्रकृती व मन दोन्ही खचल्याने तो काही काळ सेनेबाहेर गेला. पण १८१३ साली परतून बाउट्सेन, कुल्म व लाइप्झिग येथे लढला आणि १८१४ साली पॅरिस हस्तगत होताच फील्डमार्शल झाला. १८१८ साली प्रशियात तो निवर्तला. पुश्किनने १८३५ साली ‘सेनापती’ ही कविता लिहून त्याच्यावरील अन्यायाची दखल घेतली, तर १८३७ साली सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथीड्रलसमोर त्याचा पुतळा कुतुझॉव्हच्या पुतळ्याच्या जोडीने उभा राहिला. हा बरोबरीचा मान यथार्थच होय. कारण विजयासाठी जी सेना लागते, ती विजयाच्या दिवसापर्यंत टिकवून ठेवणे हेही सेनापतीचेच कर्तृत्व आहे, आणि वाहवेची आशा सोडूनच बार्कलेने ते सिद्धीस नेले.