कंपवाताच्या घरातील जागरणे

कंपवात जुना झाला की काही रुग्णांची बुद्धीही मंदावते, नसलेली माणसे दिसतात. "पडवीत कोण बसलंय?" असे सासरे रात्री तीनदा विचारतात. सुनेने वाद घालू नये. दिवा लावून धीर द्यावा. गोंधळ एकाएकी वाढल्यास लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता तपासावी. पॅसिटेननेही भ्रम वाढतो, पण गोळ्या परस्पर बंद करू नयेत. हॅलोपेरिडॉल टाळावे, अंग आखडते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी, सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आमच्या अलिबागकडचा शुभंकर बहुधा सूनच. ती दवाखान्यात पाठदुखीची गोळी मागते, झोपेचे बोलत नाही. मुंबईच्या मुलाने शनिवारी मांडव्याच्या लाँचने यावे व दोन रात्री वडिलांच्या खोलीत झोपावे. पावसाळ्यात लाँच बंद असते, एसटी नसते!