धावणाऱ्यांचा जिल्हा आणि पाण्याचा प्रश्न

वाशीम जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर येणाऱ्यास अंधारातून धावत येणाऱ्या तरुणांच्या तुकड्या भेटल्यावाचून राहत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. पावसाळा असो की मे महिन्याची काहिली, या पायांना उसंत नसते. मात्र भरतीत नाव लागले किंवा वयोमर्यादा उलटली, की तेच पाय एकाएकी थांबतात. शासकीय सेवेतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण किंवा शालान्त परीक्षेतील वाढीव गुण या सवलती स्वागतार्हच होत. परंतु त्यांच्यामुळे खेळ आणि प्रमाणपत्र यांची सांगड इतकी पक्की बसली आहे की, चाळिशीतल्या एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने निव्वळ हौसेखातर स्पर्धेत उतरावे, ही कल्पनाच शेजाऱ्यापाजाऱ्यांना चमत्कारिक वाटते.

अशा हौशी माणसासाठीच जणू ट्रायथलॉन हा क्रीडाप्रकार जन्मास आला. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तीन कामे मध्ये न थांबता, एकापाठोपाठ एक उरकायची, एवढाच त्याचा नियम. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ही शर्यत या नावाने प्रथम झाली, तेव्हा तीत ४६ जण उतरले होते, आणि ते कोणी नामांकित वीर नव्हते. पुढे २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. ऑलिंपिकचे अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे आहे. त्याच्या बरोबर निम्मे, म्हणजे ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर, हे छोट्या शर्यतीचे अंतर. नियमित सराव केलेला सामान्य माणूस ती पावणेदोन-दोन तासांत पुरी करतो.

या प्रकारच्या सहनशक्तीचे विदर्भाला वावडे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंनी तीच शर्यत जोडीने पार केली होती. असल्या पराक्रमांना वेळ, पैसा आणि मदतनिसांचा ताफा लागतो, हे खरे. परंतु लांब पल्ल्याचे वेड ही काही केवळ सुखवस्तूंची मिरास नव्हे. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाशीम जिल्ह्यातील वाटेनेच पायी जाते. महिनाभर रोज मैलोगणती चालणाऱ्या त्या वारकऱ्यांना कोणी खेळाडू म्हणत नाही, आणि त्यांनाही तसे म्हणवून घेण्याची हौस नसते.

सायकलीचेही तेच. खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलीला चढ-उताराच्या रस्त्याने रोज सायकल रेटणे हा व्यायाम वाटत नाही. ती निकड असते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. छोट्या शर्यतीला लाखाची सायकल लागत नाही. ब्रेक नीट लागत असले आणि डोक्यावर शिरस्त्राण असले, की साधी सायकलही चालते. दोन खेळ जिल्ह्यात घरोघर आहेत ते असे.

अडते ते पहिल्यापाशी. शर्यतीत पोहणे आरंभीच ठेवलेले असते, आणि त्यामागे शहाणपण आहे: थकलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही. वेळेच्या हिशेबात पोहण्याचा वाटा सर्वांत लहान, पण धास्ती सर्वांत मोठी. वऱ्हाडातला मुलगा पोहायला शिकला तर तो विहिरीत. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधून, काका-मामाच्या धाकाने. त्या विद्येला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र विहिरीत माणूस खोली शिकतो, लांबी शिकत नाही. चार हात मारले की काठ येतो. उघड्या जलाशयात धरायला काठ नाही, पायाखाली तळ नाही, गढूळ पाण्यात दिशाही कळत नाही. दर काही हातांनंतर डोके वर काढून समोरची खूण पाहावी लागते, श्वास लयीत ठेवावा लागतो. हे शिकविल्याशिवाय येत नाही. मुलींच्या वाट्याला तर विहिरीची शाळाही क्वचितच आली. दर उन्हाळ्यात आणि गणेश विसर्जनाच्या दिवसांत तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या कोणत्या ना कोणत्या भागातून येतात. त्यांचे मूळही याच उणिवेत आहे. तेव्हा शर्यत कोणी भरवो वा न भरवो, पोहण्याचे शिक्षण ही क्रीडाशिक्षकाच्या तासात मोडणारी गोष्ट मानली पाहिजे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था ज्या महसुली विभागात आहे, तेथे शिकविणाऱ्यांचा तुटवडा हे कारण फारसे पटणारे नाही.

पाणी शोधू गेल्यास जिल्ह्यात ते आहे. एकबुर्जी प्रकल्प आहे, अडाण आहे. अर्थात ज्या एकबुर्जीचे पाणी वाशीम शहर पिते, त्यात शंभर-दीडशे माणसे उतरवावीत का, याचा विचार आधी व्हावा. वैशाखात पाणी तळाशी जाते, श्रावणात ते गढूळ आणि अनावर असते. राहता राहिला मार्गशीर्ष-पौषाचा काळ. त्या दिवसांत जलाशय बहुधा भरलेले असतात, ऊन सोसवते, पण सकाळचे पाणी चांगलेच गार असते. म्हणून सूर्य वर आल्यावर, काठाला समांतर दोरी बांधून, नावाड्यांना आणि जीवरक्षकांना पाण्यात ठेवून, ज्याने आधी २०० मीटर सलग पोहून दाखविले असेल त्यालाच उतरू द्यावे. बाकीच्यांनी त्या वर्षी काठावर उभे राहून स्पर्धकांच्या सायकली सांभाळाव्यात.