प्रभूने पेटविलेला विस्तव

पुनरुत्थानाच्या रात्री मंदिरातील दिवे मालवून बाहेर नवा अग्नी पेटविला जातो. त्यावर पास्काची मेणबत्ती लागते आणि तिच्या ज्योतीवरून साऱ्यांच्या हातातील मेणबत्त्या. वाडवडिलांच्या वेळी हाच विधी पवित्र शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात उरकला जात असे, हे आजच्या तरुणांस खरे वाटणार नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रयोगादाखल तो पुन्हा रात्री आणला व १९५६ पासून तसे सर्वत्र सुरू झाले. त्याबरोबरच, पेटती मेणबत्ती हाती धरून स्नानसंस्काराची वचने नव्याने उच्चारण्याचा प्रघात पडला. सैतानाचा धिक्कार करता काय, असे धर्मगुरू विचारतात आणि सारे मंदिर एका आवाजात होकार देते.

होकार देणे सोपे असते. त्याच गर्दीत दोन सख्खे भाऊ असतात. बांध कोरल्यावरून दोघांचा दावा चालू आहे. एक पुढच्या दाराने येतो, तर दुसरा बाजूच्या. जावाजावांचे बोलणे बंद, मुलांना चुलत्याच्या अंगणात जाण्याची मनाई. आमच्या खेड्यांत श्रद्धेला नास्तिकपणाचा धोका फारसा नाही. धोका आहे तो बांधाचा. अशा घरी प्रभू उठला म्हणजे नेमके काय झाले?

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात एक हकीकत आहे. पुनरुत्थान सप्ताहातील शुक्रवारी ती मिस्सेत वाचली जाते. त्या दिवशी मंदिरात तुरळक माणसे असतात, म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगतो.

पेत्र व आणखी सहा शिष्य गालीलच्या सरोवरावर मासेमारीस गेले होते. रात्रभर जाळे रिकामेच आले. पहाटे किनाऱ्यावरून कोणी हाक दिली, जाळे उजवीकडे टाकावयास सांगितले, आणि १५३ मोठे मासे लागले. या आकड्यावर संत ऑगस्टीन व संत जेरोम यांच्यासारख्या थोर पंडितांनी पुष्कळ चिंतन केले आहे. एखाद्या कोळ्यास विचारावे तर तो म्हणेल, मासे मोजल्याविना वाटणी कशी व्हायची?

हाक देणारा प्रभू आहे हे कळताच पेत्राने पाण्यात उडी घेतली. काठावर पोचून पाहतो तो कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, जवळ भाकर. कोळशांच्या विस्तवासाठी येथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण म्हणजे प्रमुख याजकाच्या वाड्याचे अंगण. तेथे शेकत उभे असताना पेत्राने प्रभूला नाकारले होते. तो धूर नाकात जाताच पेत्राला काय आठवले असेल?

प्रभूने त्याला आधी जेवू घातले. प्रेमाविषयीचे प्रश्न त्यानंतरचे. नाकारले होते तीनदा, म्हणून विचारलेही तीनदा, आणि पेत्राला त्याचे वाईटही वाटले. म्हणजे झाल्या गोष्टीवर माती लोटली नाही. आपल्या घरांत मात्र आधी चूक कोणाची ते ठरावे लागते, मग चहाचे बघू! आणि विस्तव पेटविला कोणी? ज्याला नाकारले गेले होते त्याने. तो देव होता, त्याला काय कठीण, असे कोणी म्हणेल. परंतु थोमाला दाखविलेल्या जखमा त्या हातांवर तशाच होत्या.

सरोवरकाठी तबघा येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी १९३३ साली बांधलेले लहानसे मंदिर आहे. आत एक ओबडधोबड खडक तसाच राखला आहे. त्यास ख्रिस्ताचे मेज म्हणतात.

हक्काची जमीन सोडून द्या, असे आम्ही सांगत नाही. मोजणी करून घ्यावी, न्यायालय देईल तो निकाल दोघांनी पाळावा. पण दाव्याची तारीख पुढे पडत राहते आणि तोवर पोरे मोठी होऊन तेच वैर उचलतात.

पास्काकाळ पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा असतो. तेवढ्यात पेरणी जवळ येते आणि दोघांनाही त्याच बांधावर उभे राहावे लागते. न्याहारी घरून येतेच. त्या दिवशी दोन भाकऱ्या अधिक बांधावयास सांगता येतील.