झबरी जोडी, पहाटेची फेरी

१९९४मध्ये ‘हम आपके है कौन’च्या टफीने आपल्याला वेड लावलं, २००३मध्ये हचच्या पगने. आज नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या सावेडीत सकाळी चक्कर मारा; एका हातात दोन पट्टे धरलेले काका-काकू हमखास दिसतील.

माझ्या मावशीकडेही अशीच जोडी आहे. चिकू हा शिह त्झू, बर्फी ही पॉमेरेनियन. (आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. टफीही तोच!) हौसेने आणली मावसभावाने, पण तो नोकरीला हिंजवडीत, सव्वाशेहून जास्त किलोमीटर लांब. सांभाळतात मावशी आणि काका. रविवारी साहेब दहाला उठतात आणि म्हणतात, ‘चला, फिरवून आणतो!’ मावशी दारातच अडवते. बरोबरच आहे तिचं.

दहा वाजता का नको?

एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. शिह त्झूचं नाक चपटं, त्यामुळे त्याला तेही नीट जमत नाही. त्यात पाय आखूड, म्हणजे पोट तापलेल्या डांबरापासून जेमतेम वीतभर वर. उष्माघाताने त्याचा जीवही जाऊ शकतो. सोपी टेस्ट करा: तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसणारच.

एक घर, दोन हेअरस्टाइल

‘उन्हाळा आला, दोघांचेही केस उडवा’ असं पार्लरमध्ये सांगत असाल तर थांबा. शिह त्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते खुशाल बारीक कापा. स्पिट्झच्या अंगावर मात्र दुहेरी थर असतो आणि तो उन्हापासूनही वाचवतो. तो तासून काढला तर केस पुन्हा धड येतीलच असं नाही. त्याला हवा फक्त ब्रश, आतले गळलेले केस काढण्यासाठी. आणि दोघांनाही आंघोळीआधी विंचरा. गुंता ओला झाला की आणखी घट्ट बसतो.

लक्षात ठेवा

- चपट्या नाकाच्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेस घाला.
- वेग ठरवू द्या दोघांतल्या हळू चालणाऱ्याला.
- घरी आल्यावर कानामागे, काखेत, बोटांच्या फटीत गोचीड तपासा.
- माणसांचा शाम्पू नको.
- धाप थांबत नाही, झोकांड्या जातात? सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टर गाठा.

आणि हो, वीकएंडला घरी जाताय ना? अलार्म साडेपाचचा लावा. एक दिवस तरी आई-बाबांना झोपू द्या!